हाजीचा दुसरा डाव

रुमानियाच्या गेओर्गे हाजीचे नाव निघाले की फुटबॉल पाहणारा माणूस हटकून 1994 च्या विश्वचषकावर येतो, आणि ते साहजिकच आहे. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत त्याच्या डाव्या पायाने जे करून दाखवले ते विसरण्याजोगे नव्हतेच. तरीही गेली काही वर्षे माझे मन त्या हाजीपेक्षा दुसऱ्याच एका हाजीकडे अधिक ओढ घेते. हा दुसरा हाजी केस पिकलेला, अंगाने भरलेला, मैदानाच्या कडेला हातवारे करीत उभा राहणारा आणि अठरा-वीस वर्षांच्या पोरांकडून आपल्या मनातला खेळ काढून घेण्यासाठी जिवाचा आटापिटा करणारा आहे. पहिल्या हाजीला उपजतच भरभरून मिळाले होते. दुसऱ्याने जे मिळवले ते दहा वर्षांच्या अपयशानंतर, पन्नाशी ओलांडल्यावर आणि स्वतःच्या खिशाला खार लावून मिळवले. मला तो अधिक मोठा वाटतो, आणि तो तसा का वाटतो हे एकदा नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

हाजीचा जन्म 5 फेब्रुवारी 1965 चा, रुमानियातल्या कॉन्स्टान्त्सा जिल्ह्यातल्या सचेले गावचा. एकीकडे डॅन्यूब आणि दुसरीकडे काळा समुद्र असलेल्या या दोब्रुजा प्रांतात रुमानियनांबरोबर तुर्क, तातार आणि बाल्कनच्या डोंगरांतून उतरून आलेले आरोमानियन लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. हाजीचे घराणे आरोमानियन. कॉन्स्टान्त्सा बंदराच्या फारुल या क्लबात तो चेंडू खेळायला शिकला, आणि कोवळ्या वयातच राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने त्याला बुखारेस्टला, देशभरातली निवडक मुले एकत्र ठेवून तयार करणाऱ्या लुचाफरुल या केंद्रात नेले. त्या वेळच्या साम्यवादी राजवटीबद्दल चांगले बोलावे असे फार थोडे आहे. माणसांच्या पोटाला चिमटा घेऊन, तोंडाला कुलूप घालून ती राजवट चालली होती. पण गावोगावच्या क्रीडाशाळांतून गुणी पोर हेरायचे, त्याला वेळेवर चांगल्या हाती सोपवायचे, आणि खेळाचा सगळा खर्च सरकारने उचलायचा, ही घडी तिने बसवली होती. पुढे ती घडी मोडली तेव्हा काय झाले, यातच हाजीच्या उत्तरार्धाचे बीज आहे, म्हणून तिचा उल्लेख आधीच करून ठेवतो.

ऑगस्ट 1983 मध्ये ओस्लोला नॉर्वेविरुद्ध रुमानियाच्या संघात त्याला पहिल्यांदा उतरवले ते मिर्चा लुचेस्कु यांनी. हाजी तेव्हा अठरा वर्षांचा होता. लुचेस्कु स्वतः 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात रुमानियाचे कर्णधार होते, पुढे हुनेदोआरासारख्या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी सांभाळून त्यांनी कोवळ्या मुलांचा संघ बांधला होता, आणि वय पाहून नव्हे तर पाय पाहून माणूस निवडायची त्यांची रीत होती. हाजीच्या आयुष्यात हे गृहस्थ पुन्हा पुन्हा येतात. 1992 मध्ये रेआल माद्रिदमध्ये मन न रमल्यावर हाजी इटलीतल्या ब्रेशा या लहान क्लबात गेला तो त्यांच्याच हाताखाली. 2000 मध्ये गालातासरायने मोनॅकोला रेआल माद्रिदला 2-1 असे हरवून युरोपीय सुपर कप जिंकला तेव्हाही प्रशिक्षक लुचेस्कुच होते आणि मैदानात पस्तिशीचा हाजी होता. आपल्याला अठराव्या वर्षी कोणीतरी न घाबरता खेळवले, ही गोष्ट ज्याच्या बाबतीत घडली आहे त्याच्या मनात ती खोल रुजत असली पाहिजे. हाजीने पुढे जे केले ते पाहताना मला तरी असेच वाटत आले आहे.

त्याच्या खेळाडू म्हणून झालेल्या कारकिर्दीची सगळी उजळणी इथे करीत बसत नाही. स्पोर्तुल स्टुडेंत्सेस्क या बुखारेस्टच्या क्लबाकडून खेळताना, मधल्या फळीतला असूनही, 1985-86 च्या हंगामात त्याने 31 गोल केले. फेब्रुवारी 1987 मध्ये आदल्या वर्षीचा युरोपीय विजेता स्टेआवा हा लष्कराचा क्लब सुपर कपच्या सामन्यासाठी मोनॅकोला निघाला, तेव्हा हाजीला त्या एका सामन्यापुरते मागून घेण्यात आले. त्याने फ्री किकवर डायनॅमो कीव्हविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल मारला, आणि मग त्याला परत पाठवण्याचे नाव कोणी काढले नाही. डिसेंबर 1989 च्या क्रांतीने हुकूमशहा चाउशेस्कुची सत्ता उलथली, सरहद्दी उघडल्या, आणि 1990 च्या विश्वचषकानंतर तो माद्रिदला गेला.

ब्रेशाची दोन वर्षे मात्र घाईने ओलांडता येत नाहीत. 1993 मध्ये तो संघ इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत घसरला, आणि रेआल माद्रिदमधून आलेला हा माणूस तिथून पळाला नाही. दुसऱ्या श्रेणीत, लहान लहान गावांच्या मैदानांवर तो पूर्ण हंगाम खेळला, संघाला पुन्हा वर आणले, आणि तिथून थेट अमेरिकेतल्या विश्वचषकाला गेला.

त्या विश्वचषकातला रुमानियाचा पहिला सामना 18 जून 1994 रोजी लॉस एंजेलिसजवळच्या रोझ बोल मैदानावर कोलंबियाशी होता. आपल्याकडे तेव्हा 19 तारखेची पहाट उजाडत होती, पाचचा सुमार, आणि अशा वेळी टीव्हीचा आवाज लहान करून सामना पाहण्यातली गोडी ज्यांनी चाखली आहे त्यांना ती वेगळी सांगायला नको. कोलंबिया जिंकेल असे पेलेसकट पुष्कळांनी भाकीत केले होते. रुमानिया एका गोलने पुढे असताना, चौतिसाव्या मिनिटाला, हाजीला डाव्या कडेला चेंडू मिळाला. गोल तिथून तीस-पस्तीस मीटर लांब आणि तोही तिरका. कोलंबियाचा गोलरक्षक ओस्कार कोर्दोबा हा चेंडू मध्ये येईल अशा अंदाजाने दोन पावले पुढे सरकलेला. हाजीने मान वर केली की नाही, हे आजही ते चित्रण पाहताना मला ठरवता येत नाही. डावा पाय चेंडूखालून गेला, चेंडू वर चढला, क्षणभर तो बाहेर जाणार असे वाटले, आणि मग तो गोलरक्षकाच्या मागे पसरलेल्या हातावरून दूरच्या खांबाच्या आतल्या कोपऱ्यात उतरला. सामना रुमानियाने 3-1 असा जिंकला. त्याच मैदानावर पुढे अर्जेंटिनाला 3-2 असे हरवताना निर्णायक ठरलेला तिसरा गोल हाजीने मारला तो उजव्या पायाने, पूर्ण वेगाने चाल करून आलेल्या दुमित्रेस्कुच्या पासवर. उपान्त्यपूर्व फेरीत स्वीडनशी 2-2 अशी बरोबरी झाली, पेनल्टी शूटआऊटमध्ये रुमानिया हरला, आणि त्या देशाला त्याहून वर आजवर जाता आलेले नाही.

त्यानंतर बार्सिलोनात योहान क्रॉयफच्या हाताखाली दोन वर्षे, आणि 1996 पासून इस्तंबूलच्या गालातासरायमध्ये पाच. बार्सिलोनात तो फार चमकला नाही, पण गोलरक्षकापासून चेंडू खेळवत आणायचा आणि मैदानाची सगळी रुंदी वापरायची ही क्रॉयफची शाळा त्याने जवळून पाहिली, आणि प्रशिक्षक हाजीचा संघ ज्याने पाहिला आहे त्याला त्या शाळेचा ठसा सांगावा लागत नाही. इस्तंबूलमध्ये त्याला लोकांनी डोक्यावर घेतले. ओळीने चार साखळी विजेतेपदे आणि मे 2000 मध्ये कोपनहेगनला आर्सेनलला पेनल्टीवर नमवून यूएफा कप. त्या अंतिम सामन्यात हाजी अतिरिक्त वेळेत लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता, आणि शेवटची पेनल्टी मारली ती त्याचा साडू आणि जिवाभावाचा सोबती गेओर्गे पोपेस्कु याने. हे लाल कार्डही त्याच्या स्वभावाला धरूनच होते. युरो 2000 मध्ये इटलीविरुद्धच्या सामन्यातही असेच कार्ड घेऊन तो बाहेर पडला. मनासारखे झाले नाही की तो पंचाशी भांडे, प्रतिस्पर्ध्याशी भांडे, आपल्याच सोबत्याने पास चुकवला तर भर मैदानात त्याची खरडपट्टी काढी.

असा माणूस 2001 मध्ये बूट उतरवून लगोलग राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, आणि पुढचे दशक त्याला फार जड गेले. 2002 च्या विश्वचषकाच्या पात्रतेसाठी स्लोव्हेनियाशी प्ले-ऑफ होता. ल्युब्लियानाला 1-2 अशी हार आणि बुखारेस्टला 1-1 अशी बरोबरी झाली, आणि हाजी पायउतार झाला. मग तुर्कस्तानात बुर्सास्पोर, तिथे काही महिने. गालातासरायमध्ये 2004-05 चा हंगाम, ज्यात तुर्की कपच्या अंतिम सामन्यात फेनरबाहचेला 5-1 असे धुऊन काढूनही साखळी हातची गेली आणि त्याची गच्छंती झाली. तिमिशोआरा, तिथेही काही महिने. 2007 मध्ये स्टेआवा. तिथे त्याने संघाला चॅम्पियन्स लीगच्या गटापर्यंत नेले, पण संघ कोण निवडणार यावरून मालक जिजी बेकाली यांच्याशी खटका उडाला आणि सप्टेंबरातच राजीनामा देऊन तो बाहेर पडला. 2010 मध्ये पुन्हा गालातासराय, आणि 2011 च्या मार्चमध्ये पुन्हा हकालपट्टी.

या दहा वर्षांचा अर्थ लावताना लोक सहसा म्हणतात की ज्याला सगळे सहज येत होते त्याला ते दुसऱ्याला शिकवता येत नाही. मला हे पटत नाही. हाजीला शिकवता येत नव्हते असे नसून शिकवायला वेळ मिळत नव्हता. तयार संघाच्या प्रशिक्षकाला मालक निकालासाठी ठेवतो. चार सामने हरले की त्याच्या खोलीबाहेर दुसऱ्याची पाटी लागते. अशा जागी यशस्वी होणाऱ्या माणसाला दुसऱ्याने घडवलेले खेळाडू आहेत तसे स्वीकारून, त्यांच्या उणिवा झाकून, सामना काढून न्यायचा असतो. हाजीला उणिवा झाकायच्या नव्हत्या, त्या मुळातून काढायच्या होत्या. पंचविशी-तिशीच्या, लाखोंनी पगार घेणाऱ्या खेळाडूच्या पहिल्या स्पर्शात सुधारणा करायला निघालेला प्रशिक्षक त्याला जाचच वाटणार. ते काम बारा-तेरा वर्षांच्या पोरावरच करावे लागते, आणि ते हाजीला 2009 मध्ये नीट उमगलेले दिसते.

त्या वर्षी त्याने कॉन्स्टान्त्साच्या उत्तरेला, सिउतघिओल तळ्याच्या काठी असलेल्या ओव्हिदियु गावात स्वतःचे पैसे घालून अकादमी काढली, आणि तिच्याबरोबर व्हिइतोरुल, म्हणजे भविष्य, या नावाचा क्लब. मधल्या वीस वर्षांत रुमानियाच्या फुटबॉलची दशा काय झाली होती हे ध्यानात घेतले तर या घटनेचे मोल कळते. सरकारी पैसा आटला होता, शाळांच्या मैदानांवर गवत माजले होते, क्लब हौशी धनिकांच्या हाती गेले होते, आणि त्यांना पोरे वाढवण्यापेक्षा बाहेरून तयार खेळाडू आणून लवकर विकण्यात रस होता. 1998 नंतर 2022 पर्यंत रुमानिया एकाही विश्वचषकाला पात्र ठरला नाही. स्वतःच्या पिढीचे गोडवे गात मुलाखती देण्यावर हाजीचे पोट सुखाने भरले असते. त्याने मैदाने आखली, वसतिगृह बांधले, देशभरातून मुले आणून ठेवली, आणि कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद पोरांच्या खुराकापासून झोपेपर्यंत सगळ्यावर नजर ठेवतो तसा तो त्यांच्यामागे लागला. 2012 मध्ये क्लब देशाच्या पहिल्या श्रेणीत आला. सुरुवातीची वर्षे तळाशी झगडण्यात गेली. सप्टेंबर 2014 मध्ये हाजीने प्रशिक्षकपदही स्वतःकडे घेतले, आणि या वेळी त्याला काढून टाकणारा कोणी मालक वर नव्हता.

व्हिइतोरुलचा खेळ पाहताना एक गोष्ट माझ्या नजरेत भरे. गोलरक्षकाकडे चेंडू आला की दोन बचावपटू पेनल्टी क्षेत्राच्या दोन कडांना फाकत, मधल्या फळीतला एक जण खाली येऊन पाठीवर प्रतिस्पर्धी असतानाही चेंडू मागून घेई, आणि जोखीम कितीही असली तरी चेंडू उंच भिरकावून मोकळे व्हायचे नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाने असा चेंडू आपल्याच गोलपुढे गमावला तर गोल बसतो, आणि तसे अनेकदा झाले. हाजी कडेला डोके धरून उभा राहायचा, ओरडायचा, आणि पुढच्या सामन्यात त्याच मुलाला पुन्हा उतरवायचा. स्वतःच्या सोबत्याची एक चूक सहन न होणाऱ्या या माणसाने हे कुठून आणले याचे मला फार कुतूहल आहे. आरडाओरडा शेवटपर्यंत सुटला नाही, पण त्याच्या आत एक सोशिकपणा तयार झाला होता. खेळाडू हाजीत तो अजिबात नव्हता.

2016-17 च्या हंगामात हे सगळे फळाला आले. जानेवारीत, ऐन भरात, संघाचा मधल्या फळीतला आधार रझ्वान मरिन बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजला विकला गेला, कारण अकादमी चालवायची तर पोरे विकावीच लागतात. तरीही मे महिन्यात शेवटच्या सामन्यात क्लुजला 1-0 असे हरवून व्हिइतोरुलने गुणांत एफसीएसबीशी बरोबरी साधली, आणि आपापसांतल्या सामन्यांच्या निकालावर विजेतेपद त्यांच्याकडे आले. एफसीएसबी म्हणजे बेकाली यांचाच संघ. नावावरून लष्कराशी न्यायालयीन वाद झाल्यामुळे त्याला ‘स्टेआवा’ सोडावे लागले होते. गुणांच्या बरोबरीच्या नियमाचा अर्थ लावण्यावरून बेकाली यांनी लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत दाद मागितली आणि ती फेटाळली गेली. संघ कोण निवडणार या प्रश्नावर दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडणाऱ्या माणसाने, आठ वर्षे वयाच्या क्लबाला, स्वतः वाढवलेल्या पोरांना घेऊन, त्याच मालकाच्या संघापुढे काढले होते. पुढे 2019 मध्ये रुमानियन कपही आला.

या कामातले उणे मला दिसत नाही असे नाही. ओव्हिदियुतून दुसरा हाजी निघाला नाही. पोरे फार लवकर बाहेर जातात आणि बाहेर गेल्यावर अनेकदा मावळतात, हा आक्षेप खरा आहे. हाजीचा मुलगा यानिस सतराव्या वर्षी फिओरेन्तिनाला गेला आणि तिथे जेमतेम खेळायला मिळून दीड वर्षात घरी परतला. मग गेंक, मग रेंजर्स, असे त्याला पुन्हा पायरी पायरीने चढावे लागले. फ्लोरिनेल कोमान 2017 च्या उन्हाळ्यात एफसीएसबीकडे गेला आणि त्याच्याबद्दल जेवढ्या अपेक्षा होत्या तेवढे मोठे युरोपीय मैदान त्याला लाभले नाही. यानिसला कोवळ्या वयात कर्णधार केले तेव्हा बापाच्या पक्षपाताबद्दल टीका झाली, आणि तीही पूर्णपणे अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. पण अलौकिक खेळाडू अकादमीतून काढता येत नाही, तो आपसूक उगवतो. अकादमीतून काढता येतात ते राष्ट्रीय संघाला दहा वर्षे पुरतील असे पक्क्या पायांचे खेळाडू, आणि रुमानियाकडे नेमके तेच उरले नव्हते. 2019 च्या एकवीस वर्षांखालील युरो स्पर्धेत रुमानियाने क्रोएशियाला 4-1 आणि इंग्लंडला 4-2 असे हरवून उपान्त्य फेरी गाठली. त्या दोन सामन्यांच्या गोलांत यानिस, कोमान आणि तुदोर बलुत्सा ही ओव्हिदियुची नावे होती.

2021 मध्ये व्हिइतोरुल कॉन्स्टान्त्साच्या जुन्या फारुलमध्ये विलीन झाला. ज्या क्लबात हाजी पहिल्यांदा खेळला, तो आता त्याच्याच हाती आला, आणि पोपेस्कुही भागीदार म्हणून सोबत होता. 21 मे 2023 रोजी ओव्हिदियुच्या त्या लहानशा मैदानावर फारुलची गाठ पुन्हा एफसीएसबीशीच पडली. फारुल दोन गोलांनी मागे पडला होता. तिथून त्यांनी तीन गोल केले, सामना 3-2 असा जिंकला, आणि 1920 मध्ये स्थापन झालेल्या क्लबाला शंभराहून अधिक वर्षांत पहिल्यांदा देशाचे विजेतेपद मिळाले. संघातला अकादमीचा सतरा वर्षांचा आद्रियान मझिलु त्याआधीच ब्रायटनला विकलेला होता आणि हंगाम संपेपर्यंतच थांबला होता. पुढच्या वर्षी विजेतेपद टिकले नाही. ज्या क्लबाचे सगळे गणित पोरे वाढवून विकण्यावर उभे आहे त्याला ते टिकवणे कठीणच.

17 जून 2024 रोजी म्युनिकला युरो स्पर्धेत रुमानियाने युक्रेनला 3-0 असे हरवले. युरोमध्ये या देशाने सामना जिंकला तो 2000 नंतर पहिल्यांदाच, म्हणजे हाजीच्या पिढीनंतर पहिल्यांदाच. प्रशिक्षक होते एडवर्ड इओर्दानेस्कु, 1994 चे प्रशिक्षक आंगेल इओर्दानेस्कु यांचे चिरंजीव. दुसरा गोल रझ्वान मरिनने पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून सरळ जमिनीलगत मारला. पुढे फ्रँकफुर्टला स्लोव्हाकियाविरुद्ध एका गोलने मागे असताना यानिसला पाडल्याबद्दल पेनल्टी मिळाली, तीही मरिनने मारली, सामना 1-1 असा सुटला आणि चारही संघांचे चार-चार गुण असलेल्या त्या गटात रुमानिया पहिला आला. प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय संघाला स्लोव्हेनियापलीकडे नेऊ न शकलेल्या हाजीने त्या संघाला दिलेले हे देणे तेवीस वर्षांनी पोचले, आणि तेही दुसऱ्याच्या हाताखाली खेळणाऱ्या मुलांकडून. पुढच्याच फेरीत नेदरलँड्सने त्यांना 3-0 असे हरवून घरी पाठवले. ओव्हिदियुत त्या उन्हाळ्यातही नव्या मुलांची भरती चालूच होती.